पावसाळ्यात आलेले पिल्लू : घरात घाण करण्याची सवय मोडण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका गावात, कुळागराला (सुपारी-माडांच्या बागेला) लागून असलेल्या एका कौलारू घरात घडले. घरात चार माणसे राहतात: मराठी प्राथमिक शाळेत शिकवणारे गृहस्थ, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या त्यांच्या पत्नी, सातवीतला मुलगा आणि गृहस्थांची आई, जिचा उल्लेख पुढे आजी असा केला आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव गाळले आहे आणि कुत्र्याचे नाव बदलून राजा असे ठेवले आहे.

घराची रचना थोडी सांगावी लागेल, कारण पुढचे बरेचसे तिच्यावर अवलंबून आहे. पुढे सोपा, मध्ये देवघर आणि माजघर, मागे स्वयंपाकघर व न्हाणी. सगळीकडे जुन्या तांबड्या सिमेंटची जमीन, तिला जागोजागी बारीक तडे गेलेले. सोप्यातून अंगणात उतरायला चिऱ्यांच्या पायऱ्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरते. अंगणात तुळशीवृंदावन, परसात मांगर (सामानाची खोपी) आणि त्यामागे पोफळी व माड. मोकळ्या मातीची इथे काहीच कमतरता नाही. अशा घरातल्या कुत्र्याला बाहेर जायची सवय लावणे सोपे असले पाहिजे असे कोणालाही वाटेल, आणि त्या कुटुंबालाही तसेच वाटले होते.

राजा हा गावठी जातीचा नर. एका दुकानाच्या बंद गुदामात रस्त्यावरच्या कुत्रीला झालेल्या पिल्लांपैकी तो एक. जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे पाऊस धरता धरता, तो या घरात आला तेव्हा साधारण तीन महिन्यांचा होता. तोपर्यंतचे त्याचे सगळे आयुष्य सिमेंटच्या कोरड्या जमिनीवर गेले होते. पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन मलमूत्र टाकू लागते, आणि साडेआठ आठवड्यांच्या सुमारास त्याची जागा बरीचशी ठरून जाते, असे निरीक्षण जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत पिल्लांवर दीर्घकाळ काम करताना नोंदवले होते. जागेबरोबर पायाखालच्या पृष्ठभागाचीही सवय लागते. राजाच्या पायांना माती, गवत किंवा पाचोळा यांचा स्पर्शच झालेला नव्हता.

अडचण

जूनच्या अखेरीस कुटुंबाने मला बोलावले तेव्हा तक्रार थोडक्यात अशी होती: कुत्रा हुशार आहे, हाक मारली की येतो, बस म्हटले की बसतो, पण घाण घरातच करतो आणि तीही हट्टाने. त्याला पट्टा बांधून परसात नेले की पावसात अर्धा अर्धा तास तो शेपूट पायांत घालून उभा राहतो, काहीच करत नाही, आणि घरात आणल्यावर पाचेक मिनिटांत माजघरातल्या खाटेखाली जाऊन लघवी करतो. "अहो, हा मुद्दाम करतो. बाहेर उभा असतो तेव्हा याला सगळं कळत असतं," असे गृहस्थांचे ठाम मत होते.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि सर्वांत जोराचा सहसा जुलैमध्ये. तेव्हा या कुटुंबापुढे नुसता कुत्र्याचा प्रश्न नव्हता. सकाळी आठच्या आत तिघेही घराबाहेर पडत आणि दुपारी शाळा सुटेपर्यंत घरात एकट्या आजी असत. त्यांचे गुडघे दुखतात. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात ओढणारे पिल्लू धरून त्यांनी दर दोन तासांनी अंगणात उतरावे, ही अपेक्षाच चुकीची होती. पिल्लाच्या वयाचे जितके महिने त्यात एक मिळवावा, साधारण तितके तास ते दिवसा लघवी धरू शकते, असा ढोबळ हिशेब प्रशिक्षक सांगतात. म्हणजे राजाची कमाल मर्यादा चार तासांची, आणि तीही तो झोपलेला असेल तर. खेळल्यानंतर, जेवल्यानंतर आणि झोपेतून उठल्यावर ती काही मिनिटांवर येते.

आधी घेतलेले निर्णय

मला बोलावण्यापूर्वी कुटुंबाने दोन निर्णय घेतले होते आणि दोन्हींचा परिणाम पुढे बराच काळ भोगावा लागला.

पहिला निर्णय वर्तमानपत्रांचा. पावसामुळे बाहेर नेता येत नाही म्हणून पहिल्याच दिवसापासून सोप्याच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रे पसरली गेली. राजा त्यांवर लगेच जाऊ लागला आणि सगळ्यांना हायसे वाटले. आठवड्याभरानंतर, आता त्याला कळू लागले असे समजून, कागद उचलले गेले. कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर त्याला एवढेच कळले होते की कोरड्या, सपाट, घरातल्या जागेवर जायचे असते. कागद नाहीसा झाल्यावर उरलेली कोरडी, सपाट जागा म्हणजे तांबडी जमीन. मुलाने खाली टाकलेली वही आणि गृहस्थांनी आरामखुर्चीशेजारी ठेवलेले त्या दिवसाचे वर्तमानपत्रही त्यातून सुटले नाही. वर्तमानपत्र हे उंच इमारतीतल्या सदनिकेत, किंवा लशी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर नेता येत नसेल तेव्हा, उपयोगी साधन आहे याबद्दल माझे दुमत नाही. मात्र ते वापरायला सुरुवात करताना ते बंद कसे करायचे हेही ठरवावे लागते, आणि इथे ते ठरलेले नव्हते.

दुसरा निर्णय शिक्षेचा. "नाक घास त्याचं तिथं, म्हणजे आठवण राहील," हा आजींचा सल्ला. तो त्यांच्या एकट्यांचा नव्हे, गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. गृहस्थांनी तो पाळला आणि जोडीला वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोनचार फटकेही दिले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महाग पडलेला निर्णय हाच होता. लघवी करून दहा मिनिटे उलटल्यावर मिळालेला मार कुत्रा त्या लघवीशी जोडत नाही. लघवी करताना मिळालेला मार तो समोरच्या माणसाशी जोडतो. माणूस जवळ असताना हे करणे धोक्याचे आहे, एवढाच धडा राजा शिकला आणि तो त्याने चोख पाळला. म्हणून घरात तो खाटेखाली आणि तांदळाच्या कणगीमागे जाऊ लागला. बाहेर पट्ट्याचे दुसरे टोक हातात धरून माणूस शेजारीच उभा असल्यामुळे तो काहीच करीना. ज्याला कुटुंब हट्ट म्हणत होते, त्यातला मोठा भाग हा होता. उरलेला भाग पोटाखाली उडणारे पावसाचे पाणी आणि पायाखालचा अनोळखी चिखल यांचा.

तपासणी

सवयीचा विचार करण्याआधी आजार नाही ना हे पाहणे आवश्यक असते, कारण मूत्रमार्गाचा संसर्ग झालेल्या कुत्र्याला कितीही शिकवले तरी तो धरू शकत नाही. पशुवैद्यांनी लघवी तपासली, ती निर्दोष निघाली. जंताचे औषध दिले गेले. पार्व्हो आणि इतर रोगांवरील लशींचा शेवटचा डोस, जो साधारण सोळा आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर देतात, अजून व्हायचा होता, म्हणून त्याला कुंपणाबाहेर रस्त्यावर न नेण्याची सूचना मिळाली. पावसाळ्यातल्या साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लसही त्याच वेळी ठरवली गेली.

याच भेटीत आहाराचा मुद्दा पुढे आला. राजाची थाळी दिवसभर भरलेली असे, आणि तिच्यात बहुधा उरलेला हुमण-भात, म्हणजे माशांची आमटी आणि भात. हुमणातल्या मिठामुळे तो भरपूर पाणी पीत होता आणि जेवणाला वेळ नसल्यामुळे शौचालाही वेळ नव्हती. तिखट-मीठ वगळून शिजवलेले अन्न दिवसातून तीनदा ठरावीक वेळी द्यायचे आणि वीस मिनिटांत थाळी उचलायची, एवढा बदल केल्यावर शौचाचा प्रश्न पुढच्या काही दिवसांतच जवळजवळ मिटला. पाणी मात्र तोडले नाही. लघवी कमी व्हावी म्हणून पिल्लाचे पाणी तोडणारी घरे मी पाहिली आहेत, आणि ते कधीही करू नये.

पर्यायांचा विचार

कुटुंबापुढे तेव्हा चार पर्याय होते. पहिला, कुत्रा परत देणे किंवा कोणाला तरी देऊन टाकणे. गृहस्थ त्याला अर्धेअधिक तयार होते, मुलगा अजिबात नव्हता. दुसरा, त्याला कायमचा मांगरात बांधून ठेवणे, ज्याला आजींचा पाठिंबा होता: घर सोवळे राहील आणि कुत्रा राखणही करील. या पर्यायावर सर्वांत जास्त चर्चा झाली. मी विरोध केला तो दोन कारणांनी. कुळागराच्या त्या बाजूला बिबट्याचा वावर आहे आणि रात्री उघड्यावर बांधलेले कुत्रे हे त्याचे सोपे भक्ष्य. दुसरे म्हणजे बांधलेला कुत्रा बांधल्या जागीच घाण करायला शिकतो, मग पुढे कधी त्याला घरात घ्यायचे ठरले तर ती सवय मोडणे आणखी अवघड जाते.

तिसरा पर्याय वर्तमानपत्रांवर परत जाण्याचा आणि पाऊस ओसरल्यावर बाहेरची सवय लावण्याचा. तो टाकाऊ नव्हता, पण त्यात आणखी तीन महिने तांबड्या जमिनीचीच सवय पक्की झाली असती, शिवाय चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, मध्येच येत होती. चौथा पर्याय गृहस्थांच्या पत्नींनी सुचवला, आणि तोच शेवटी निवडला गेला: कुत्रा पावसात जात नसेल तर माती पावसातून बाहेर काढावी.

केलेली कृती

स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून मांगरापर्यंत वळचणीखालून एक अरुंद, सपाट वाट जाते. तिच्यावर मांगराच्या बाजूने चारपाच जुने पत्रे टाकले, खाली चिरे मांडून एक चौकट केली आणि तिच्यात कुळागरातली माती, वर थोडा पोफळीखालचा पाचोळा आणि सोडणांचा (नारळाच्या सालींचा) काथ्या पसरला. मध्ये एकही पायरी नाही, त्यामुळे आजींना तिथवर जाता येऊ लागले. माझ्या अंदाजाने या कामात यश मिळण्यामागे कुत्र्याच्या प्रशिक्षणाइतकाच या एका सोयीचा वाटा आहे. जी गोष्ट घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला करता येत नाही, ती दिवसभर सातत्याने होत नाही.

घरात पुसलेल्या लघवीचे फडके त्या मातीत दाबून ठेवले, म्हणजे वास ओळखीचा राहील. याउलट घरातला वास काढून टाकण्यासाठी फिनेल बंद केले. फिनेलचा वास माणसाला स्वच्छतेचा वाटतो, कुत्र्याच्या नाकाला त्याखालचा जुना वास मिळतोच, आणि ओल्या फिनेलवरून चालून पाय चाटणे त्याच्या प्रकृतीलाही बरे नाही. एन्झाइम असलेली कपडे धुण्याची पावडर कोमट पाण्यात कालवून डागांवर ओतायची, काही वेळ मुरू द्यायची, मग साध्या पाण्याने पुसायचे, असा क्रम ठरला. जमिनीतले तडे ही मोठी अडचण होती, कारण त्यांत मुरलेला वास जुलैच्या दमट हवेत पुन्हा पुन्हा वर येई. खाटेखालचे आणि कणगीमागचे तडे पांढऱ्या सिमेंटने बुजवल्यावरच त्या दोन जागा सुटल्या.

घरात असताना राजा एक तर कोणाच्या तरी कमरेला लांब दोरीने बांधलेला असे किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बाक आडवा लावून केलेल्या लहानशा आवारात झोपलेला असे. नजरेआड फिरण्याची मोकळीक पूर्ण बंद. हे ऐकायला कठोर वाटते, आणि मुलाला ते तसे वाटलेही, पण याचा हेतू शिक्षा हा नव्हता. चूक घडण्याची संधीच न मिळावी आणि गोल फिरणे, जमीन हुंगणे, एकदम खेळ सोडून दूर जाणे या खुणा वेळेत दिसाव्यात, एवढाच होता. मारणे आणि ओरडणे थांबले. लघवी करताना दिसला तर हलकी टाळी वाजवून उचलून मातीवर न्यायचे. नंतर थारोळे सापडले तर मुकाट्याने पुसायचे.

सर्वांत नाजूक काम होते ते माणसासमोर लघवी करण्याची त्याची भीती घालवण्याचे. त्यासाठी आखूड पट्टा सोडून लांब दोरी घेतली, आणि ज्याच्या हातात ती असेल त्याने मातीपाशी पोहोचल्यावर पाठ फिरवून, न बोलता, मांगराकडे पाहत उभे राहायचे असे ठरवले. पहिले काही दिवस काहीच घडले नाही. घडले नाही तर त्याला घरात मोकळे न सोडता पुन्हा आवारात ठेवायचे आणि थोड्या वेळाने परत न्यायचे, या नियमाला मात्र कोणी फाटा दिला नाही. पहिल्यांदा त्याने आजींच्या पाठीमागे लघवी केली. त्यांना पाठदुखी आणि गुडघेदुखी दोन्ही असल्यामुळे त्या सर्वांत कमी हालचाल करत, हेच बहुधा त्याला धीर देणारे ठरले असावे.

बक्षिसाच्या बाबतीत एक दुरुस्ती करावी लागली. बाहेर काही केले तर घरात आल्यावर बिस्किट द्यायचे, अशी मुलाची पद्धत होती. त्यातून कुत्र्याला बिस्किट मिळते ते दार ओलांडल्याचे. आता उकडलेल्या अंड्याचा लहान तुकडा खिशात ठेवून, लघवी संपताक्षणी, त्याच मातीवर दिला जाऊ लागला. त्यानंतर लगेच घरात न आणता वळचणीखाली थोडे खेळायचे, कारण काम झाले की बाहेरची मजा संपते असे कुत्र्याच्या ध्यानात आले तर तो काम लांबवतो.

चवथीचा प्रसंग

ऑगस्टच्या मध्यापर्यंत घरातली लघवी जवळजवळ थांबली होती, आणि तेवढ्यात चवथीची तयारी सुरू झाली. घराला रंग, सामानाची हलवाहलव, मुंबईहून आणि वास्कोहून येणारे नातेवाईक, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीसाठी रानातून आणलेली फळे-पाने, संध्याकाळी घुमट (मातीचे तालवाद्य) वाजवत होणारी आरती आणि रस्त्यावर फटाके. सहा महिन्यांच्या पिल्लाची नवी सवय मोडायला यातली एकच गोष्ट पुरे असते. आजींची काळजी वेगळी होती आणि रास्त होती: गणपतीच्या खोलीत घाण झाली तर ती नुसती पुसून भागत नाही.

पत्नींच्या माहेरी त्याला चार दिवस ठेवण्याचा विचार झाला. तिथे माती नाही, सगळी फरशी आहे, हे कळल्यावर तो मागे पडला. शेवटी माजघराच्या दाराला खालच्या अर्ध्या भागात फळी बसवली, राजाने तिच्या पुढे जायचे नाही असे ठरवले, आणि "चवथीत राजा तुझा, आरतीला नाही आलास तरी चालेल," असे आईने मुलाला सांगितले. एका माणसाकडे पूर्ण जबाबदारी देण्याचा हा निर्णय मला आजही या प्रकरणातला उत्तम निर्णय वाटतो, कारण भरल्या घरात कुत्र्याला कोणीतरी नेले असेल असे प्रत्येकाला वाटते आणि कोणीच नेलेले नसते. चूक एकदाच झाली: आरतीच्या वेळी एका पाहुण्याच्या मुलाने फळी काढली, घुमटांच्या आवाजाने घाबरलेला राजा जेवणाच्या मेजाखाली शिरला आणि तिथे लघवी केली. कोणी ओरडले नाही. दुसऱ्या दिवशी क्रम होता तसा चालू राहिला.

निष्पत्ती

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरू लागला तशी चौकटीतली थोडी थोडी माती परसात, मग पोफळींखाली टाकत टाकत जागा हलवली. दिवाळीपर्यंत राजा मागच्या दारापाशी येऊन उभा राहू लागला आणि रात्रभर धरू लागला. आवाराचा बाक काढला, माजघराची फळी तेवढी आजींच्या आग्रहावरून कायम राहिली.

त्यानंतर तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर नवी तक्रार आली. आठ महिन्यांचा राजा पाय वर करू लागला होता आणि त्यासाठी त्याला अंगणातले वृंदावन पसंत पडले. घरच्यांना वाटले की सगळे शिकवलेले वाया गेले. हा वयात येणाऱ्या नराचा खूण करण्याचा प्रकार होता, जुन्या सवयीशी त्याचा संबंध नव्हता. वृंदावनाभोवती बांबूचे ठेंगणे कुंपण घातले, अंगणात तो काही आठवडे दोरीवरच राहिला, आणि पशुवैद्यांशी बोलून निर्बीजीकरण करून घेतले. त्याने हा प्रकार बराच कमी झाला. गृहस्थांच्या स्कूटरचे मागचे चाक तो अजून सोडत नाही.

काय वेगळे करता आले असते

पिल्लू आणण्याची वेळ बदलता आली असती. पावसाआधी दोन महिने, एप्रिलमध्ये, तेवढ्याच वयाचे पिल्लू याच घरात आले असते तर कोरड्या परसात मातीची सवय लागून मग पाऊस आला असता. अर्थात बेवारशी पिल्लू सापडते तेव्हाच सापडते, त्यामुळे हा सल्ला विकत किंवा ठरवून पिल्लू आणणाऱ्यांनाच लागू पडतो. जूनमध्येच आणायचे असेल तर छपराखालची माती पिल्लाच्या आधी तयार हवी, आणि वर्तमानपत्रे पसरायचीच असतील तर तीही त्या मातीवर, म्हणजे कागद लहान लहान करत काढून घेता येतात.

शिक्षेमुळे गेलेला वेळ सर्वांत जास्त. ज्या आठवड्यांत बाहेरची सवय लागायची, त्यांतले बरेचसे माणसांविषयीची भीती काढण्यात गेले. लघवीची तपासणीही पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी होती.

एका मुद्द्यावर मात्र माझे आणि कुटुंबाचे एकमत झालेले नाही. दोरी आणि आवार दिवाळीऐवजी चवथीनंतर लगेच काढले असते तरी चालले असते, असे गृहस्थांना वाटते. वयात येताना सवयी सैल पडतात म्हणून ते नववर्षापर्यंत ठेवायला हवे होते, असे मला वाटते. पत्र्यांबद्दल वाद नाही. मांगरात सुकी लाकडे ठेवायला जागा हवी म्हणून ते काढण्याचा विचार डिसेंबरमध्ये झाला होता, तो आजींनी हाणून पाडला: पुढच्या जूनमध्ये पायऱ्यांवरून त्या उतरणार नव्हत्या, आणि भर पावसात राजाही उतरेल याची खात्री कोणी देईना.